भरल्या ताटावरून

टेबलावरची मेंढीची तंगडी सोमवारपासून तीच होती. दिव्यांच्या धगीने ती करडी पडली होती. तिला तकाकी यावी म्हणून सामानवाला प्रत्येक शॉटआधी तिच्यावर तेलाचा बोळा फिरवायचा, आणि टेबलाभोवतीचे नटनटी हसऱ्या तोंडाने, पण नाकं शक्य तेवढी लांब ठेवून बसायचे. सोलांज तिसिएला तंगडीशी काही कर्तव्य नव्हतं. तिचं लक्ष ग्लासांवर होतं. मागच्या शॉटमध्ये कुणाच्या ग्लासात वाइन कुठवर होती, कुणाचा रुमाल मांडीवर होता, कुणी काटा खाली ठेवला होता, हे सगळं डोक्यात ठेवणं हे तिचं काम. सिनेमावाले त्याला कंटिन्युइटी म्हणतात. पडद्यावर सगळं बिनचूक दिसलं तर तिचं नाव कुणी घेत नाही, आणि एक ग्लास चुकला तर तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं घेत नाही.

सिनेमा विनोदी होता. एका आडगावातल्या बड्या घरात एक रंगेल गडी पाहुणा म्हणून शिरतो आणि सूप संपायच्या आत घरच्या मालकिणीला, तिच्या भाचीला आणि सासूलासुद्धा नादी लावतो, अशी ती गोष्ट. नवऱ्याला सगळं दिसत असतं, पण पाहुण्यासमोर आवाज चढवणं घरंदाजपणाला शोभत नाही म्हणून बिचारा सगळ्यांना सॉस वाढत बसतो. दुसरं महायुद्ध संपून आठ-नऊ वर्षं झाली होती आणि लोकांना असल्या गोष्टी फार आवडायच्या. बड्या घरांची फजिती बघायला सगळ्यांनाच गंमत वाटते, आणि बड्या घरच्यांना वाटतं की ही गोष्ट शेजारच्या बंगल्याची आहे.

बाहेर, पॅरिसजवळच्या मार्न नदीवर मे महिन्याचं सुरेख ऊन पडलं होतं आणि आत स्टुडिओत सगळे घामाने निथळत होते. नायक सकाळपासून एकच वाक्य म्हणत होता, "मादाम, तुमच्यासाठी मी आयुष्यभर थांबेन," आणि दर वेळी कुठे ना कुठे घोडं अडत होतं. कधी माइकची सावली पडायची, कधी सासूबाईंना खोकला यायचा. सोलांजला त्या वाक्याचा वीट आला होता. आयुष्यभर थांबणारी माणसं असं बोलून दाखवत नाहीत, तिला वाटलं. ती गप्प असतात, आणि आतून चिडलेली असतात.

तेवढ्यात दिग्दर्शक ब्रिसोला नवी कल्पना सुचली. नवरा आणि बायको दोघांचे चेहरे त्याला एकाच फ्रेममध्ये हवे होते, म्हणून त्याने दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडायला सांगितल्या.

"ब्रिसोसाहेब, नवरा-बायकोला कुणी शेजारी बसवत नाही," सोलांज म्हणाली. "या असल्या घरात तर मुळीच नाही."

"मग कुणाला बसवतात?"

"लग्न ठरलेल्यांना. एकदा लग्न झालं की वेगळं करतात, म्हणजे दुसऱ्यांशीही दोन शब्द बोलतील."

ब्रिसो म्हणाला, हे कोणाला कळणार आहे? सोलांज म्हणाली, सगळ्यांना. पडद्यावर ती दोघं शेजारी दिसली की गावोगावची बाई नवऱ्याला कोपर मारून विचारेल, यांचं लग्न अजून व्हायचंय का हो? ब्रिसोने कपाळाला हात लावला, आणि खुर्च्या परत होत्या तिथे गेल्या.

आता ही अक्कल तिला आली कुठून? तिचा बाप ऑर्लेआंच्या शाळेत गायन शिकवायचा. त्याच्या घरी पाहुणा आला तर स्वयंपाकघरातच दोन अंडी जास्त फोडली जायची. बड्या घरची जेवणं सोलांजने पाहिली ती सगळी स्टुडिओत, तेल फासलेल्या तंगड्यांभोवती. पण गेली चार वर्षं या नियमांचा खास अभ्यास करायला तिच्यापाशी कारण होतं, आणि कारणाचं नाव होतं जिल्बेर शोंबार.

सांलिस गावच्या शोंबार घराण्यात नोटरीची गादी बापाकडून मुलाकडे चालत आलेली. गावातली शेतं, मृत्युपत्रं, हुंडे, भावाभावांची भांडणं, सगळं त्यांच्याच कचेरीतून जायचं. एका सिनेमासाठी तिथली एक हवेली भाड्याने घ्यायची होती तेव्हा जिल्बेर कागद घेऊन आला होता. निरोप घेताना त्याने वाकून सोलांजच्या हाताचं चुंबन घेतलं. आता हे चुंबन फक्त लग्न झालेल्या बाईच्या हाताचं घ्यायचं असतं, कुमारिकेच्या नव्हे, हे त्याच्या घरात पाळण्यातच शिकवतात. जिल्बेर सिनेमाची माणसं बघून बुजला होता आणि चुकला होता, एवढंच. सोलांजने मात्र त्या चुकीचा अर्थ लावला. या माणसाने मला बायकोच्या जागी पाहिलं, असं तिने मनाशी धरलं, आणि त्या एका चुंबनावर चार वर्षांचा इमला उभा केला.

तेव्हापासून दर गुरुवारी जिल्बेर कचेरीच्या कामाने पॅरिसला आला की तिच्या दोन खोल्यांत यायचा. येताना एक्लेअर, म्हणजे कॉफीच्या क्रीमचे लांबट केक आणायचा, जोडे काढून खिडकीपाशी बसायचा आणि मन मोकळं करायचा. बायकांना नादी लावणारे पुरुष सिनेमात कसे असतात? बारीक मिशी, कोटाला फूल, डोळ्यांत खट्याळपणा. जिल्बेरकडे यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे सर्दी होती आणि आई होती. पण सिनेमातला रंगेल गडी दोन तासांत निघून तरी जातो, हा चार वर्षं बसून राहिला होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी इथे गुरुवारागणिक नवी निघायची. आधी वडील आजारी होते. मग वडील वारले, मग वर्षभर सुतकाचे काळे कपडे. मग बहिणीचं बाळंतपण आलं. मग आईची तब्येत अशी झाली की तिला धक्का देणं बरं नव्हे. सोलांज आता लग्नाचं बोलतच नसे. तिचं मागणं फार लहान झालं होतं. एका रविवारी मला घरी जेवायला ने, ती म्हणायची. मला तुमच्या टेबलाशी बसव, आईशी ओळख करून दे, मग लग्न कर तुला करायचं तेव्हा. जिल्बेर म्हणायचा, हो हो, बघू, योग्य वेळ बघून बोलतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. या भातावर ती चार वर्षं जगली होती. रोमच्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं होतं ते तिने गुरुवारांपायी नाकारलं. रेने नावाचा भला कॅमेरावाला तिच्यासाठी दोन हिवाळे रेंगाळला आणि मग शहाण्यासारखा दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. तिला छत्तिसावं चालू होतं आणि घोंगडं भिजत पडलं होतं. कधीकधी तिला स्वतःचा इतका राग यायचा की ती भांडी आपटत धुवायची.

तर त्या शनिवारी, खुर्च्यांचा तंटा मिटतो न मिटतो तोच, फाटकावरचा दरवान सांगत आला की तिला फोन आहे. जिल्बेर होता. शनिवारी त्याने कधी फोन केला नव्हता, आणि स्टुडिओत तर कधीच नाही.

"सोलांज, उद्या दुपारी मोकळी आहेस का?"

"का?"

"आईने बोलावलंय. जेवायला. एक वाजता ये, तुझी जागा ठेवलीय टेबलावर."

सोलांजला क्षणभर वाटलं, दरवानाच्या खोलीतलं ते घड्याळ फार मोठ्याने वाजतंय. तिने विचारलं, आईंनी स्वतः बोलावलंय का. जिल्बेर म्हणाला, हो, स्वतः. मग त्याने तिला विचारलं, नक्की येशील ना. तिने हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, अगदी नक्की ना, आईला कळवायला हवं. त्या आर्जवाने तिचे डोळे भरून आले. चार वर्षांत तिच्या येण्याची कुणी इतकी घाई केली नव्हती.

बातमी लपणार कुठून? मेकअपवाली जोझेत तिचे केस घेऊन बसली आणि म्हणाली, शेवटी म्हातारी वितळली म्हणायची. कपडेपटाच्या बाईने नायिकेची फिकट निळी हॅट काढून दिली, सोमवारी सकाळी परत आणायच्या बोलीवर. सामानवाला म्हणाला, बाई, सासूसमोर ग्लासातल्या वाइनवर नजर ठेवू नका हं, तिला वाटेल सून हिशेबी आहे. सगळे हसले आणि सोलांजही हसली. ब्रिसोने तिला लवकर सोडलं. जाताना म्हणाला, "एवढे नियम शिकवतेस मला, बघू आता तुला कुणाशेजारी बसवतात ते."

"कुणाशेजारी म्हणजे?" सोलांज म्हणाली. तिला त्यात शंकाच नव्हती.

रविवारी ती आगगाडीने गेली आणि पुढे बसने. फुलं हातात घेऊन जाऊ नयेत, आदल्या दिवशी पाठवावीत, हे तिला ठाऊक होतं. पण आदल्या दिवशी वेळ कुठे होता? म्हणून तिने चॉकलेटचा डबा घेतला होता आणि बसमध्ये तो मांडीवर उन्हापासून जपत बसली होती. कॅथेड्रलच्या मागे, दगडी गल्लीच्या टोकाला शोंबारांचं घर होतं. फाटकापाशी जिल्बेर उभा होता. त्याने आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, मग तिच्या दोन्ही गालांना गाल लावले, चुलतबहिणीला भेटावं तसे.

मादाम शोंबार दिवाणखान्याच्या दारात पुढे आल्या. सडसडीत, ताठ, गळ्यात मोत्यांचा एकच सर. त्यांनी सोलांजचा हात दोन्ही हातांत धरला.

"मादमोझेल, उपकार झाले तुमचे. इतक्या आयत्या वेळी आलात."

सोलांजला वाटलं, किती नम्र बाई आहे ही. आणि जिल्बेरने उगीच चार वर्षं हिचा बागुलबुवा उभा केला होता. तिची ओळख 'आमच्या जिल्बेरच्या परिचयाच्या, पॅरिसच्या' अशी करून देण्यात आली. जिल्बेरची बहीण आणि मेहुणा, पाद्रीबाबा, काही म्हातारे नातेवाईक, आणि साखर कारखान्याचे मालक दलाट्र, त्यांची बायको आणि मुलगी ब्लांदिन. ब्लांदिन गोरीपान, तेवीस-चोवीसची आणि फार गप्प होती. सोलांजला तिची कीवच आली. एवढ्या म्हाताऱ्यांत पोरगी कंटाळत असेल, तिला वाटलं.

जेवायला चला म्हटल्यावर सगळे आत गेले. प्रत्येकाच्या ताटापुढे नावाची चिठ्ठी ठेवलेली होती. सोलांजने सवयीने आधी सगळं टेबल एका नजरेत घेतलं. जिल्बेरचं नाव कुठे आहे ते तिला लगेच दिसलं. मग तिने त्याच्या उजवीकडची चिठ्ठी वाचली. तिथे ब्लांदिनचं नाव होतं. डावीकडे पाद्रीबाबा होते.

तिचं स्वतःचं नाव पार शेवटी होतं, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, जिथे मोलकरणीला वाढायला जाताना खुर्ची पुढे ओढून घ्यावी लागते. शेजारी ओक्ताव्हकाका नावाचे मादाम शोंबारांचे बहिरे दीर होते. सोलांज बसली. बसण्यावाचून काय करणार? तिने स्वतःला समजावलं की आईंना बहुधा नियम माहीत नसेल. पण लगेच तिला दिसलं की बहीण आणि तिचा नवरा टेबलाच्या दोन टोकांना आहेत, दलाट्र नवरा-बायको वेगवेगळे आहेत, आणि त्या सबंध टेबलावर शेजारी शेजारी बसवलेली तरुण जोडी एकच आहे. नियम त्या घराला चांगलाच माहीत होता.

शतावरीचे कोंब आले. जिल्बेरने ब्लांदिनला सॉस वाढला. सोलांजने घास तोंडात घातला आणि तो कशाचा आहे हे तिला कळलं नाही. तेव्हा ओक्ताव्हकाका तिच्याकडे वळले. बहिरी माणसं सगळं जग बहिरं धरून बोलतात, तसे ते बोलले.

"तुम्ही आलात म्हणून निभावलं हो," ते म्हणाले. "काल क्लोतिल्दआत्याला संधिवाताने धरलं आणि ती येत नाही म्हणाली. मोजतो तर काय, तेरा. तेरा माणसं एका टेबलाशी बसवायची म्हणजे अपशकुन, आणि तेही पोराचं लग्न ठरवायच्या दिवशी? वहिनी रडायचीच बाकी होती."

टेबलावरचं बोलणं जरा मंदावलं, पण थांबलं नाही. घरंदाज माणसं होती ती. मेहुण्याने पाद्रीबाबांना द्राक्षांच्या पिकाबद्दल काहीतरी विचारलं.

"मग गावातून कुणाला का नाही बोलावलं?" सोलांजने विचारलं. तिला हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, आणि काकांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं.

"छे, गावातले रुसतात. आदल्या दिवशी बोलावलं म्हणजे काय ते त्यांना समजतं ना. पण जिल्बेर हुशार. तो म्हणाला, आई, काळजी करू नकोस, पॅरिसात माझ्या ओळखीची एक आहे. तिला कधीही बोलवा, ती येते."

सोलांजने टेबलाच्या त्या टोकाला पाहिलं. जिल्बेरचे कान लाल झाले होते आणि तो शतावरीच्या एका कोंबाचे फार बारीक तुकडे करत होता. त्याने मान वर केली नाही. तिला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर माणूस कोसळतो. तिला मात्र नुसता संताप येत होता, आणि संतापाला जागा नव्हती. ओरडावं तर कोणावर? आईने तर तिला कसलंच वचन दिलं नव्हतं. ती पोरगी बिचारी मान खाली घालून बसली होती. काका तर बहिरेच. आणि जिल्बेर, तो नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला होता. उलट त्याचं म्हणणं खरंच होतं. तिला कधीही बोलावलं तर ती येत होती.

मग मेंढीची तंगडी आली. खरीखुरी, वाफाळती, आतून गुलाबी, लसणाचा वास येणारी. मोलकरणीने सोलांजच्या ताटात दोन जाड काप वाढले, बाजूला हिरवट पांढरे घेवड्याचे दाणे, वर रस्सा. सगळ्यांना वाढून झालं आणि सगळे मादाम शोंबार काटा उचलतात का ते बघत थांबले. सोलांजने मांडीवरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि ती उभी राहिली.

"मादाम, जेवण फार छान आहे," ती म्हणाली. आवाज शांत निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "पण मला निघायला हवं."

मादाम शोंबारांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, रागही नव्हता. त्यांची नजर टेबलाभोवती फिरली, एकेका डोक्यावरून, सावकाश. आणि मग टेबलावरच्या प्रत्येकाची नजर तशीच फिरली. पाद्रीबाबा म्हणाले, असल्या खुळचट समजुतींना धर्मात थारा नाही. असं म्हणून त्यांनी आपला काटा हळूच खाली ठेवला. दलाट्रबाईंनी तर खुर्चीच मागे सरकवली.

"मादमोझेल," मादाम शोंबार म्हणाल्या, "निदान शेवटी चीज वाढून होईपर्यंत तरी."

भरल्या ताटावरून उठू नये, असं सोलांजची आई सांगायची. आज ती उठली होती, आणि पुन्हा बसणं तिला जमलं नसतं. तिने दिवाणखान्यातून ती उसनी निळी हॅट घेतली आणि बाहेर पडली. बागेतल्या खडीवरून ती फाटकापर्यंत गेली तेव्हा मागे धावती पावलं वाजली. जिल्बेर होता. हॅट न घालता तो घराबाहेर पडलेला तिने कधी पाहिला नव्हता. आज तो उघड्या डोक्याने, हातात जेवणाचा रुमाल घेऊन पळत येत होता. आशा मोठी चिवट असते. एवढं सगळं होऊनही सोलांज फाटकापाशी थांबली. आला, तिला वाटलं, शेवटी टेबलावरून उठून आला.

"सोलांज, असं करू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "कुणी जेवत नाहीये. सगळे काटे खाली ठेवून बसलेत. चीज वाढून होईपर्यंत बस ना. मग मी स्वतः तुला बसवर सोडतो."

"ती मुलगी," ती म्हणाली. "कधी ठरलं?"

"अजून तसं नक्की नाही. आईचं आणि दलाट्रसाहेबांचं बोलणं चाललंय. मी तुला सांगणारच होतो. गुरुवारी."

"एक्लेअर खाता खाता?"

"हे बघ, तुला आमचं घर बघायचं होतं ना? किती दिवस मागे लागली होतीस. मला वाटलं, आईची अडचणही दूर होईल आणि तुझीही इच्छा पुरी होईल. एका दगडात दोन पक्षी."

त्याने हे इतक्या सरळ मनाने सांगितलं की तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी कळलं की मारून उपयोग नाही. ब्रिसोच्या सिनेमात अशा वेळी मालकीण त्या रंगेल गड्याच्या तोंडावर वाइन फेकते आणि लोक टाळ्या वाजवतात. पण त्याच्याकडे निदान वाइन फेकण्याजोगं तोंड असतं. इथे समोर होता हा सर्दी झालेला, काळजीत पडलेला, चांगला माणूस. घराच्या खिडकीत त्याची आई पडदा धरून उभी होती.

तरी सोलांजने एक शेवटचा प्रयत्न केला. त्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस वाटायची होती.

"जिल्बेर, तूही चल."

"कुठे?"

"माझ्याबरोबर, पॅरिसला. आत्ता. मी एकटी गेले तर आत तेरा राहतात. आपण दोघं गेलो तर बारा. बाराला आईंची काही हरकत नसेल. सगळे पोटभर जेवतील."

जिल्बेरचे ओठ किंचित हलत होते. तो मोजत होता. नोटरीच तो, त्याने आधी हिशेब तपासला आणि हिशेब बरोबर निघाला. क्षणभर त्याचा चेहरा चक्क उजळला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आणि ब्लांदिनच्या शेजारी कोण बसेल?" त्याने विचारलं.

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच ती अडचण वाटत होती, आणि सवयीप्रमाणे ती त्याने सोलांजपुढे ठेवली होती. दर गुरुवारी ठेवायचा तशीच. तिने सोडवावी म्हणून.

"कोण कुठे बसायचं ते सांगणं माझं काम आहे," सोलांज म्हणाली. "पण ते स्टुडिओत. इथलं तुझं तू बघ."

ती गल्लीत उतरली. जिल्बेरने आवाज होऊ नये म्हणून फाटक हात लावून हळू बंद केलं. जेवणाच्या खोलीची एक खिडकी गल्लीवर उघडत होती. तिथून जाताना न बघायचं असं तिने ठरवलं होतं, तरी बघितलं. मोलकरणीचा एप्रन काढून घेतला होता आणि तिला स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. पुढ्यात सोलांजचं भरलेलं ताट तसंच होतं. मोलकरीण हात मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला ताठ बसली होती. जिल्बेर आत येऊन आपल्या जागी बसला आणि मादाम शोंबारांनी काटा उचलला. पाठोपाठ सगळ्यांनी उचलला. सुऱ्या-काट्यांचा आवाज गल्लीत ऐकू येऊ लागला. सोलांजने केलेलं बंड रस्सा निवायच्या आत संपलं होतं.

रविवारी दुपारी बस नसते. पुढची पाचला होती. कॅथेड्रलसमोरच्या बाकावर ती बसली आणि रडू यायची वाट बघू लागली. हॅट तिने मांडीवर घेतली, कारण ती सोमवारी परत द्यायची होती. जोझेत विचारेल, ब्रिसो विचारेल, सामानवाला विचारेल, आणि त्यांना काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. चॉकलेटचा डबा ती त्या घरात विसरली होती, त्याचाही तिला राग आला. रडू काही आलं नाही. आली ती भूक, अशी कडकडून की पोटात कळ उठली. त्या घरी नीट जेवायचं, वाढतील ते सगळं खायचं, आईंना बरं वाटेल, म्हणून ती सकाळी न्याहारीसुद्धा न करता निघाली होती.